सुई टोचली तर?
एचआयव्हीबाधित रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. रक्त डोळ्यात किंवा तोंडात उडाल्यास ती ०.०९ टक्क्यांवर येते. हिपॅटायटिस-बी असलेल्या रुग्णाची सुई टोचल्यास लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला तो आजार होण्याचा धोका मात्र ६ ते ३० टक्के! जखम खोल असेल, सुई थेट शिरेतून काढलेली असेल किंवा रुग्णाच्या रक्तात विषाणूंचे प्रमाण जास्त असेल, तर एचआयव्हीचा धोका वाढतो.

अशा वेळी बोट दाबून रक्त काढू नये, जखमेवर ब्लीच ओतू नये. साबण आणि वाहते पाणी पुरेसे. मग लगेच डॉक्टर गाठावा. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत आणि २८ दिवस न चुकता घ्यायला हवीत. रात्रपाळी आहे, उद्या बघू, असे म्हणण्यात मोलाचे तास जातात.

डॉक्टर-नर्सची काळजी निदान चर्चेत तरी येते. कचऱ्याच्या पिशवीत कुणी टाकलेली उघडी सुई टोचते ती सफाई करणाऱ्या मावशींना, आणि ती कोणत्या रुग्णाची हे कळायला मार्ग नसतो. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण न लावता ती पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यातच टाकायची, हा नियम त्यांच्यासाठीही आहे. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि ही औषधे पुरवणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे. कंत्राटी कामगारांनी ती हक्काने मागावीत.