श्वास देणारे हात

कोरोनाच्या काळात ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द घराघरांत पोहोचला. पुढे शाळा सुरू झाल्यावर इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, हे यंत्र नव्हते तेव्हा डॉक्टर काय करीत?” त्याचे उत्तर १९५२ सालच्या कोपनहेगनमध्ये सापडते.

त्या वर्षी डेन्मार्कच्या या राजधानीत पोलिओची भीषण साथ पसरली. पोलिओचा विषाणू मज्जातंतूंवर आघात करतो. श्वसनाचे स्नायू लुळे पडले, की रुग्ण शुद्धीवर असतानाच गुदमरू लागतो. १९२८ साली अमेरिकेत फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी ‘लोखंडी फुप्फुस’ तयार केले होते. त्यात रुग्णाचे डोके बाहेर ठेवून उर्वरित शरीर पेटीत बंद करीत. पेटीतील हवेचा दाब कमी केला, की छाती फुगून हवा आत येई. परंतु साथीचे रुग्ण जेथे येत, त्या ब्लेगडॅम रुग्णालयात अशी पेटी एकच होती. शिवाय ज्यांचा घसाही लुळा पडला, त्यांची लाळ श्वासनलिकेत उतरे. त्यांना पेटीचा फारसा उपयोग होत नसे. पहिल्या ३१ गंभीर रुग्णांपैकी २७ दगावले.

तेव्हा प्रमुख डॉक्टर लासेन यांनी भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना बोलावले. रक्ततपासणीतील दोषाचे कारण आजवर भलतेच मानले जात होते. इब्सेन यांनी निदान केले, की श्वास अपुरा पडल्याने शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो आहे. २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसविण्यात आली आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरण्यात आली. ती मुलगी वाचली.

उपाय सापडला, पण इतक्या रुग्णांसाठी रात्रंदिवस पिशवी दाबणार कोण? वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी पुढे आले. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रुग्णाच्या उशाशी बसून, कित्येक महिने आपल्या हातांनी दुसऱ्याचा श्वास चालू ठेवला. मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले.

पुढे हाताचे हे काम यंत्रांनी घेतले. १९५३ च्या डिसेंबरमध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनमध्येच स्वतंत्र अतिदक्षता विभाग सुरू केला. आज ज्याला आपण ‘आयसीयू’ म्हणतो, त्याचा आरंभ तेथे मानला जातो.

यंत्राचा इतिहास सांगताना शोधकांची नावे घ्यावीतच. परंतु रूढ समजुतीला प्रश्न विचारणारा एक डॉक्टर आणि पिशवी न सोडणारे दीड हजार विद्यार्थी, या दोहोंच्या मेळातून तो घडला, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगितले पाहिजे. त्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. त्यांनी दिलेला श्वास मात्र अनेकांना आयुष्यभर पुरला.