हप्ता भाड्यातून निघतो का? सातारा-सांगलीत भाड्यासाठी घर घेताना

नोकरीत सात-आठ वर्षे झालेले, राहते घर झालेले आपले शिक्षक, परिचारिका, एसटी आणि महावितरणमधले तरुण आता दुसऱ्या घराचा विचार करू लागले आहेत. कर्ज काढून घर घ्यायचे, भाड्याने द्यायचे, भाड्यातून हप्ता भरायचा. व्याजदर उतरले की कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचे, वर थोडी वाढीव रक्कम उचलायची आणि त्यातून तिसरे घर घ्यायचे. मोबाईलवरच्या व्हिडिओंमध्ये हे सूत्र फार सोपे वाटते. आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगतो की हेच सूत्र सांगलीच्या विश्रामबागेत किंवा कराडच्या विद्यानगरात मांडून बघा.

त्याआधी एक गोष्ट. भाड्याचे घर हा आपल्यासाठी केवळ गुंतवणुकीचा विषय नाही. जत, आटपाडी, माण, खटावची आपली मुले-मुली शिकायला सांगली, मिरज, कराड, साताऱ्यात येतात. खोली बघायला गेले की आधी आडनाव, मग 'कुणापैकी?' आणि शेवटी 'खोली कालच गेली'. ज्यांनी हे सोसले त्यांनाच आपल्या माणसाच्या मालकीच्या चार खोल्यांची किंमत कळते. म्हणूनच त्या खोल्या पुढे हप्ते थकून बँकेच्या ताब्यात जाऊ नयेत, याची काळजी आधी घ्यावी लागते.

आता हिशेब. समजा, ३० लाखांचा फ्लॅट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांवरच्या, ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात ही मर्यादा ९० टक्के आहे, पण सावधपणे २४ लाखांचेच कर्ज घेतले असे धरू. ८ टक्के दराने, २० वर्षांसाठी महिन्याचा हप्ता साधारण २०,०७५ रुपये येतो. अशा फ्लॅटला भाडे ९,००० धरू. वर्षातला एक महिना घर रिकामे राहिले तर भाडे ९९,००० आणि हप्ते २,४०,९००. म्हणजे दरवर्षी जवळपास १ लाख ४२ हजार रुपये पगारातून घालायचे. घरपट्टी, सोसायटीचा देखभाल खर्च वेगळा. सुरुवातीचे ६ लाख आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी हेही स्वतःचेच. (घर फक्त महिलेच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. ती जरूर घ्या.)

भाडे घराच्या किमतीच्या तीन-साडेतीन टक्के आणि कर्जाचे व्याज आठ टक्के असेल, तर भाडे हप्ता भरत नाही, पगार भरतो. किंमत वाढेल या आशेवर ही तूट सोसायची असेल तर जाणीवपूर्वक सोसा. नव्या करप्रणालीत भाड्याच्या घरावरचा असा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजाही करता येत नाही. 'टॅक्स वाचतो' म्हणून घर घेणाऱ्यांनी आपण कोणत्या प्रणालीत आहोत ते आधी पाहावे.

बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन इमारती बांधल्या, हे अनेकांना माहीत नसते. एक राजगृह, दुसरी चारमिनार. कर्ज डोक्यावर होते. १९४१ मध्ये त्यांनी चारमिनार विकली, कर्ज फेडले, ग्रंथ घेतले आणि राजगृह राखले. कोणती वास्तू ठेवायची आणि कोणती सोडायची, याचा निर्णय त्यांनी वेळेत घेतला. कर्जावर दोन-तीन घरे धरून बसलेल्यांनी हा व्यवहार अभ्यासावा.

मग भाड्याचे गणित बसते कुठे? आमच्या पाहण्यात ते बहुधा एकाच ठिकाणी बसते, स्वतःच्या जागेवर वरचा मजला चढवताना. जागेची किंमत मोजावी लागत नाही, त्यामुळे कर्ज फक्त बांधकामाचे. समजा, स्वच्छतागृहासह दोन खोल्यांना ८ लाख लागले. ८ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता सुमारे ६,७०० रुपये. दोन्ही खोल्यांचे मिळून भाडे ८,००० आले, तर एक महिना रिकामा जाऊनही वर्षाला ८८,००० येतात आणि हप्त्यांना सुमारे ८०,३०० जातात. उरलेल्यात घरपट्टी आणि रंगरंगोटी निघते. श्रीमंती येत नाही, पण वीस वर्षांनी मजला आपला होतो.

इथे अडतात ते आपल्या वस्तीतले कागद. जागा आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही, चुलत्यांशी वाटणी तोंडी. हातात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही, त्यामुळे बँक मागे सरते आणि माणूस सावकाराकडे जातो. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळतात. आपल्या गावाची मोजणी झाली का, पत्रिकेवर कुणाचे नाव लागले, हे भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन बघणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. जमीन वतनाची असेल तर प्रश्न आणखी अवघड. १९५८ च्या कायद्याने महार वतने रद्द झाली आणि जमिनी शर्तीवर परत मिळाल्या. त्यांच्या सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असते आणि परवानगीशिवाय विक्री करता येत नाही. अशा जागेवर बांधकामाचा विचार असेल तर वकील आणि तहसील आधी, बँक नंतर.

सरकारी योजनांबद्दलही नेहमी विचारले जाते. रमाई आवासचे घरकुल स्वतः राहण्यासाठी आहे, ते भाड्याच्या हिशेबात धरू नका. स्टँड-अप इंडियाची मुदत २०२५ मध्ये संपली, आणि तेव्हाही ते कर्ज नव्या उद्योग-व्यवसायासाठी होते, भाड्याचा फ्लॅट घेण्यासाठी नव्हे.

आता चालू कर्ज दुसरीकडे नेण्याबद्दल. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. ज्यांचे कर्ज रेपोशी जोडलेले आहे त्यांचा दर आपोआप उतरतो. जुन्या पद्धतीची कर्जे आणि गृहवित्त कंपन्यांची कर्जे मात्र अनेकदा वरच अडकून राहतात. समजा, २० लाख बाकी आहेत, दर ९.७५ टक्के, १५ वर्षे उरली आहेत. हप्ता २१,१८७. तेच ८ टक्क्यांवर नेले आणि मुदत १५ वर्षेच ठेवली तर हप्ता १९,११३. महिन्याला दोन हजारांवर वाचतात, मुदतीअखेर जवळपास पावणेचार लाख. प्रक्रिया शुल्क, मुद्रांक, वकील मिळून २५,००० गेले तरी वर्षभरात वसूल.

पण नवी बँक हमखास 'मुदत २० वर्षे करू, हप्ता १६,७२९ च येईल' असे सुचवते. ऐकायला छान वाटते. एकूण भरणा मात्र ४० लाख १५ हजार होतो. जुन्याच महाग कर्जात राहिला असता तर ३८ लाख १४ हजार भरले असते! दर कमी करूनही दोन लाख जास्त. त्यामुळे कर्ज हलवताना मुदत वाढवू नका. त्याहीआधी आपल्याच बँकेला दर कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. पुष्कळदा थोड्या शुल्कात तिथेच काम होते. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही, हे अर्जात लिहायला संकोच करू नका. वाढीव कर्ज घेऊन लग्न किंवा गाडी करणे म्हणजे वीस वर्षांच्या व्याजावर दोन दिवसांचा मांडव. त्या पैशातून पुढच्या फ्लॅटचा बयाणा दिला तर वरची तूट दुप्पट होते.

आपल्या दोन जिल्ह्यांत खरा फायदा होतो तो पतसंस्थेचे महाग कर्ज बँकेत नेण्यात. पतसंस्था सहकार कायद्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेचे वरचे नियम त्यांना लागू नाहीत. त्यामुळे मुदतपूर्व फेडीच्या अटी कर्जरोख्यात स्वतः वाचा. कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात, उशिराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. पतसंस्थेकडून मात्र कागद परत मिळण्याची तारीख आधीच लिहून घ्यावी लागते.

सांगलीत घर घेणाऱ्यांनी २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात त्या गल्लीत पाणी कुठवर आले होते, ते शेजाऱ्यांना विचारावे. सांगलवाडी, कर्नाळ रोड, मारुती चौकाच्या बाजूला भाडेकरू पावसाळ्याआधीच खोली सोडतो, हप्ता मात्र चालूच राहतो.

आणि भाडेकरार नोंदवा. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंद नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. भाडे खात्यावर घ्या. उद्या दुसरी बँक कर्ज देताना हे भाडे उत्पन्न म्हणून दाखवायचे असेल, तर नोंदलेला करार आणि खात्यावरच्या नोंदी हेच दोन कागद कामी येतात.