दोरी ओढण्यापूर्वी

होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेल्या आणि पंख्यासह पाण्यात उतरणाऱ्या इंजिनाला आउटबोर्ड म्हणतात. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात त्याचे उत्पादन सुरू केले. आज मालवण-देवबागच्या खाडीत पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्यांवरही तेच यंत्र दिसते. त्याचा खरा धोका भर वेगात असतो तितकाच ते सुरू होण्याच्या क्षणातही असतो, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही.

होडीला ब्रेक नसतो. इंजिन गिअरमध्ये असताना सुरू झाले, तर पंखा तत्क्षणी फिरून होडी पुढे उसळते, आणि दोरी ओढण्यासाठी मागे झुकलेला, आधीच तोल अर्धा गमावलेला माणूस पाण्यात पडतो. त्यानंतर सुकाणूचा दांडा सुटल्यामुळे ती रिकामी होडी बहुधा वर्तुळात फिरू लागते आणि पंख्यासकट त्याच्याच अंगावर परत येऊ शकते. म्हणून गिअर न्यूट्रलमध्ये, म्हणजे पंखा इंजिनापासून सुटा राहील अशा स्थितीत आहे, हे हाताने चाचपून पाहावे लागते. बहुतेक नव्या इंजिनांत गिअर पडलेला असताना दोरी ओढलीच जात नाही. परंतु मूळ दोरी तुटल्यावर चाकाला सुटी दोरी गुंडाळून इंजिन सुरू करताना हे संरक्षण उरत नाही, आणि घाईची वेळ नेमकी तीच असते.

दुसरा उपाय म्हणजे मनगटाला किंवा जीवरक्षक जाकिटाला अडकवायची सुरक्षा-दोरी, जिचे दुसरे टोक खेचले जाताच इंजिन बंद पडते. अमेरिकेत २६ फुटांहून लहान होड्यांना १ एप्रिल २०२१ पासून तिचा वापर, काही अपवाद वगळता, बंधनकारक आहे. आपल्याकडे ती पुष्कळदा इंजिनालाच लोंबकळताना आढळते, म्हणजे असून नसल्यासारखी.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने होडीच्या तळाशी साचते; म्हणून सुटी टाकी किनाऱ्यावर, जमिनीवर ठेवून भरणे श्रेयस्कर. टाकीच्या झाकणावरील हवेची खुंटी उघडून नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबला की पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचते. गार इंजिनासाठी चोक, म्हणजे हवा कमी करून मिश्रण दाट करणारी झडप, ओढावी. मागे कोणी नाही हे पाहून, बसून, दोरी अडखळेपर्यंत सावकाश आणि मग एका दमात ओढावी. ती हाताला गुंडाळू नये, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर बोटे अडकतात. वारंवार ओढून पेट्रोलचा वास येऊ लागला, तर चोक बंद करून थोडे थांबणेच शहाणपणाचे.

इंजिन धडधडू लागताच नजर मागे वळली पाहिजे. शीतकरणाचे पाणी बारीक धारेने बाहेर पडताना दिसले नाही, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. उथळ खाडीतील वाळू किंवा प्लास्टिकची पिशवी पाणी ओढणाऱ्या जाळीत अडकलेली असण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि कोरड्या फिरणाऱ्या पंपाचे रबरी चक्र पाहता पाहता झिजून जाते.