मोबाइलवरील कृषिसल्ला साऱ्या सभेला कसा ऐकवावा

कृषिसल्ला हल्ली ध्वनिमुद्रणाच्या रूपाने मोबाइलवरही मिळतो. वर्धा जिल्ह्यातील कापूस, तूर व सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्यांस त्याचा चांगला उपयोग आहे. परंतु पारावर जमलेल्या चाळीस-पन्नास माणसांस मोबाइलचा आवाज पुरत नाही. पुढे बसलेल्यांस ऐकू येते. मागे बसलेले अंदाज बांधतात.

अशा अंदाजाने नुकसान होते. गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवण्यासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत आणि प्रत्येक सापळ्यात सलग ३ रात्री ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाय योजावा, असे सांगितले जाते. ‘प्रत्येक सापळ्यात’ हे शब्द ज्याच्या कानी पडले नाहीत, तो पाचही सापळ्यांतील पतंगांची बेरीज करून विनाकारण फवारणी करील. यात पैसा तर जातोच. शिवाय फवारणीतील विषबाधेने शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही.

साधन कोणते?

पुष्कळ गावांत भजनासाठी किंवा सभेसाठी ॲम्प्लिफायर व कर्णे असतात. त्यांस मोबाइल जोडण्यासाठी ब्लूटूथ अडॅप्टर नावाची लहानशी डबी मिळते. मोबाइलकडून आलेला आवाज ती तारेविना घेते व ॲम्प्लिफायरला देते. खरेदी करताना ती आवाज ग्रहण करणारी आहे, केवळ पाठविणारी नाही, याची खात्री करावी. मोबाइलला कानयंत्राचे छिद्र असल्यास साध्या तारेनेही काम भागते. अडॅप्टरमुळे मोबाइल हाती ठेवून सभेत उभे राहता येते, एवढी सोय अधिक होते.

जोडणी

१. ॲम्प्लिफायर बंद ठेवून अडॅप्टरची तार ‘ऑक्स’ असे लिहिलेल्या छिद्रात बसवावी. ‘माइक’च्या छिद्रात बसविल्यास आवाज फाटतो. कर्ण्यांच्या तारा जेथे जोडतात, तेथे ती कदापि लावू नये, अडॅप्टर जळेल.

२. अडॅप्टर सुरू करून त्याचा दिवा लुकलुकू लागला, की मोबाइलमधील ब्लूटूथ चालू करावे व यादीत दिसणारे अडॅप्टरचे नाव निवडावे.

३. ॲम्प्लिफायरचा आवाज अगदी कमी ठेवून तो सुरू करावा. मोबाइलचा आवाज बराच वाढवून घ्यावा व मग ॲम्प्लिफायरचा हळूहळू वाढवावा.

मोबाइल अडॅप्टरपासून सुमारे ३० फुटांच्या आत ठेवावा. मध्ये भिंत किंवा गर्दी आल्यास हे अंतर आणखी कमी होते व आवाज तुटतो. अडॅप्टरची बॅटरी आदल्या दिवशी भरून ठेवावी. ध्वनिमुद्रण आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावे आणि सभेच्या वेळी ‘विमान’ स्थिती लावून ब्लूटूथ तेवढे पुन्हा सुरू करावे. म्हणजे मध्येच आलेल्या फोनची घंटा कर्ण्यावर वाजणार नाही. ध्वनिक्षेपकासाठी आवश्यक ती परवानगी घ्यावी. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर तो लावू नये.

ऐकल्यानंतर

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे गावांत शेतकी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत व आपले प्रश्न केंद्राकडे कळवीत. आज साधन बदलले असले, तरी ती रीत अनुकरणीय आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने सल्ला दोनदा ऐकवावा. औषधाचे नाव, त्याचे प्रमाण व फवारणीची वेळ फळ्यावर लिहावी आणि शेवटच्या रांगेतील एखाद्या शेतकऱ्यास ती मोठ्याने सांगण्यास विनवावे. त्याने बरोबर सांगितले, तर सल्ला सभेस पोहोचला असे समजावे. ज्या शंकांचे निरसन होणार नाही, त्या लिहून घेऊन सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्रास विचाराव्यात व मिळालेले उत्तर पुढील सभेत सर्वांस ऐकवावे.