तारांना पीळ कशासाठी?

एका शाळेच्या संगणक कक्षात आम्ही गेलो, तेव्हा संगणकांमधली जोडणी सारखी तुटत असल्याची तक्रार होती. केबल महागडी, वर ठळक ‘कॅट-६’ छापलेले. केबल बसवणाऱ्याने टेस्टर लावून दाखवला. आठही दिवे क्रमाने लागत होते. मग दोष कुठे?

त्यासाठी केबल सोलून पाहावी. आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी. प्रत्येक जोडीतील तारा एकमेकींना पीळ घालून असतात. ही युक्ती जुनी आहे. दूरध्वनीच्या तारांसाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८८१ साली तिचे पेटंट मिळाले होते. जोडीतील एका तारेतून जो संदेश जातो, तोच उलट चिन्हाने दुसरीतून जातो आणि पलीकडचे यंत्र दोहोंतील फरक तेवढा वाचते. आता शेजारून पंख्याची वायर गेली आहे असे समजा. तिच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे आपल्या तारांत नको असलेला विद्युतदाब निर्माण होतो. पण पिळामुळे दोन्ही तारा आळीपाळीने त्या वायरच्या जवळ येतात, दोघींवर जवळजवळ सारखाच दाब येतो आणि वजाबाकीत तो नाहीसा होतो. चारही जोड्यांचे पीळ मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, म्हणजे एका जोडीचा संदेश दुसरीत उमटत नाही.

शाळेतील दोष इथेच होता. कनेक्टरमध्ये जोड्या १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ अशा बसवायच्या असतात. कारागिराने त्या १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा ओळीने, दोन्ही टोकांना सारख्याच लावल्या होत्या. यंत्र ३ आणि ६ यांना जोडी समजत होते, पण त्यातली एक तार हिरव्या जोडीतली, दुसरी निळ्या! पिळाचा उपयोग शून्य. साधा टेस्टर बिचारा तार अखंड आहे आणि क्रम जुळतो एवढेच सांगतो. टोके कापून नव्याने बसवली, पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू दिला नाही, आणि तीच केबल नीट चालू लागली.

विकत घेताना छापील आकड्याला म्हणून अवाजवी महत्त्व देऊ नये. सेकंदाला एक गिगाबिट हा वेग कॅट-५ई केबलही १०० मीटरपर्यंत देते, आणि घराला वा शाळेला तो पुरतो. दहा गिगाबिट हवे असतील तर कॅट-६ साधारण ५५ मीटरपर्यंत चालते, कॅट-६ए पूर्ण १०० मीटर. केबल भिंतीत गाडायची असेल तर आम्ही कॅट-६ घेऊ, कारण भिंत पुन्हा फोडणे केबलपेक्षा महाग पडते.

अधिक जपावे ते तांब्याच्या बाबतीत. स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो. याहून चांगली परीक्षा दहावीचे विद्यार्थीही करू शकतील. पूर्ण खोक्यात ३०५ मीटर केबल असते. दोन्ही टोके हाती येत असतील तर एकाच तारेच्या टोकांना मल्टिमीटर लावावा. तारेचा व्यास ०.५१ मिलिमीटर असेल तर शुद्ध तांब्याचा रोध २६ ओहमच्या आसपास यायला हवा. तो ४०च्या घरात आला तर माल परत करावा. (व्यास आधी मोजून घ्या, कॅट-६ची तार सहसा थोडी जाड असते आणि मग रोधही कमी येतो.) ज्या केबलमधून कॅमेऱ्याला वीजही पुरवायची, तिथे हा जादा रोध केबल तापवतो आणि कॅमेऱ्यापर्यंत पुरेसा दाब पोचू देत नाही.

एका इमारतीतून दुसरीत जायचे असेल, तर मात्र तांबे नकोच. तिथे धातूचे आवरण नसलेली प्रकाशतंतूची केबल घ्यावी. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तरी तिचा धक्का केबलवाटे संगणकांपर्यंत येत नाही.