निराधार कुटुंबांचा वाली कोण?

नगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कर्जत तालुक्यातील मिरजगाव लागते. हा सारा मुलूख पर्जन्यछायेतला. पाऊस चुकला की मोलमजुरी करणाऱ्याची चूल आधी विझते. अशा कुटुंबास हात कोणी द्यावा, सरकारने की चर्चसारख्या धर्मसंस्थांनी, हा वाद आपल्या सुशिक्षित घरांतून पुष्कळदा रंगतो. या जिल्ह्याचा इतिहास पाहता तो इतक्या सरळ दोन बाजूंचा नाही, असे आम्हांस वाटते.

अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली ठाणे दिले. पुढे 1876–78 व 1899–1900 चे भीषण दुष्काळ आले. सरकारने खडी फोडण्याची कामे काढली. 1880 च्या दुष्काळ कमिशनानंतर त्यांचे नियमही बांधले. परंतु त्या नियमांत माणूस जगविण्याइतकीच खर्च आवरण्याची चिंता होती. काम मोजून मजुरी, आणि पाऊस पडताच कामे बंद. मागे उरलेल्या पोरक्या मुलांपैकी कित्येकांस मिशनांच्या अनाथगृहांनी थारा दिला. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, केडगावी, पंडिता रमाबाईंनी शेकडो दुष्काळपीडित मुलींस आश्रय दिला तोही याच काळात.

भाकरीमागून बाप्तिस्मा आला, ही आपल्या वाडवडिलांची तक्रार निराधार नव्हती. भुकेल्यापुढे धर्माची अट, मग ती अबोल का असेना, आम्हांस मान्य नाही. तथापि तक्रार करणाऱ्या किती घरांनी एखादे परजातीचे पोरके मूल आपल्या माजघरात वाढविले? सोवळ्याच्या त्या दिवसांत उत्तर ठाऊकच आहे.

1972 च्या दुष्काळानंतर सरकारची भूमिका पालटली. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेली रोजगार हमी योजना 1977 च्या कायद्याने पक्की झाली. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न मिळाल्यास बेकारभत्ता, आणि स्त्रीपुरुषांस एकच दर! दया मागणाऱ्यास हक्कदार करणारी ही गोष्ट कोणत्याही मिशनला साधली नसती. तिच्या खर्चासाठी 1975 साली व्यवसायकर बसविला. आपल्या घरांतील पगारदार मंडळींच्या पगारातून तो आजही कापला जातो. (त्याविषयी कुरकुर ऐकतो, तेव्हा आम्हांस त्याचे मूळ सांगावेसे वाटते.)

मात्र हक्क कागदावर असला तरी तो घरी चालत येत नाही. मिरजगावच्या एखाद्या विधवेस 1980 साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान हवे, तर पतीच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते आणि कचेरीच्या खेपा. प्रत्येक खेपेस दिवसाची मजुरी बुडते.

शेजारच्या जामखेडास डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 साली काम आरंभिले, ते या उणिवेच्या नेमके उलट टोकाने. ते स्वतः चर्च नव्हते, पण परदेशी ख्रिस्ती संस्थांचे साह्य त्यास होते. गावोगावच्या, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित स्त्रियांस त्यांनी आरोग्यसेविका केले. कोणत्या घरी बाळंतीण आहे, कोठे मूल खंगले आहे, हे त्या बाईस दाखल्यावाचून ठाऊक असे. दुष्काळात पाण्याचे पंप बसवावयाचे झाले, तेव्हा ते दलित वस्त्यांत बसविले गेले. आणि वरच्या जातींच्या बायका घागरी घेऊन तेथे पाण्यास जाऊ लागल्या.