वळशाचा हिशेब

पुण्याकडून अथवा कोल्हापुराकडून गोव्यास निघालेला प्रवासी कागल मागे टाकून, दूधगंगा ओलांडून आणि कोगनोळीच्या टोलनाक्यावर दस्तुरी भरून निपाणीच्या माळावर येतो, तेव्हा त्याच्या मनात बेळगावचा विचार सहसा नसतो. बेळगाव तेथून अद्याप पाऊणशे किलोमीटर असते, रस्ता रुंद व मोकळा असतो, आणि तवंदी घाट चढून स्तवनिधीच्या बाजूने पुढे गेले की गाडी आपसूक धावणार याची त्याला खात्री वाटत असते. परंतु बेळगावच्या गर्दीत सापडावयाचे की तिला टाळावयाचे, या प्रश्नाचा निकाल बेळगावात लागत नाही. तो निपाणीत, फार तर संकेश्वरात, लावून घ्यावा लागतो. किल्ल्याचा तलाव एकदा दृष्टीस पडला, की मग निवडीला फारसा वाव उरत नाही आणि बसस्थानकाचा परिसर, गोगटे चौक, काँग्रेस रोड, तिसरे रेल्वे फाटक व उद्यमबाग ही सारी स्थळे एकामागून एक, तीर्थयात्रेच्या क्रमाने, घ्यावीच लागतात.

सरळ मार्ग सोडून लांबून जाणाऱ्यास आपण ‘द्राविडी प्राणायाम’ करणारा म्हणून हिणवतो. नाकासमोर चालणे हा मराठी माणसाच्या लेखी सद्गुण आहे आणि वळसा हा थोडासा दुर्गुणच. तथापि ज्या शहराची वस्ती वाढली आणि रस्ते मात्र पूर्वीच्याच मापाचे राहिले, त्या शहराजवळ आल्यावर हा प्राणायाम कोणी, कोठून आणि कोणाच्या खर्चाने करावा, हा विचार हास्यास्पद राहत नाही. सीमाभागातील माणसाला तर तो नित्याचाच आहे.

चार फाटे

या मुलखातील रस्त्यांची ठेवण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला व तेथे लष्करी छावणी वसली, तेव्हा छावणीला लागणारा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे आणि सह्याद्री चढून वर येई. प्रथम रामघाटाने आणि पुढे आंबोलीच्या घाटरस्त्याने ही ने-आण चाले. आंबोली हे थंड हवेचे ठिकाण म्हणून नावारूपास आले, त्यामागे वाटेवरच्या मुक्कामाची हीच गरज होती. आगगाडी येईपर्यंत बेळगावचे तोंड समुद्राकडे होते. पुढे पुणे-बंगळूर रस्ता, ज्याला आजही निपाणीत आणि बेळगावातही लोक ‘जुना पीबी रोड’ म्हणतात, तोच या प्रदेशाचा कणा झाला. त्याला राष्ट्रीय महामार्ग ४ हा क्रमांक मिळाला, सुवर्ण चतुष्कोनाच्या योजनेत तो चौपदरी झाला, आणि आता त्याचा क्रमांक ४८ आहे. जुन्या वाटा आडव्या आणि हा कणा उभा. गोव्याकडे जाणाऱ्याने कण्यावरून कोठे उतरावयाचे, एवढाच काय तो प्रश्न.

पहिला फाटा निपाणीचा. येथून उत्तूर, आजरा, आंबोली असे सावंतवाडीस उतरता येते. दुसरा संकेश्वरचा, गडहिंग्लज, आजरा व आंबोली करून बांद्यास जाणारा हा मार्ग आता राष्ट्रीय महामार्गांत गणला जातो. सावंतवाडी, बांदा, पेडणे, म्हापसा अशा उत्तरेकडील ठिकाणी ज्याला जावयाचे आहे, त्याने बेळगावचे तोंडही पाहण्याचे कारण नाही. तिसरा फाटा बेळगावातच फुटतो आणि त्याच्या पुन्हा तीन शाखा होतात. हिंडलगा, सुळगा व शिनोळीवरून चंदगडाकडे जाणारा वेंगुर्ला रस्ता ही एक. पिरनवाडीवरून जांबोटी, कणकुंबी व चोर्ला घाट उतरून साखळीस जाणारी दुसरी. आणि मच्छे, खानापूर, लोंढा, अनमोड, मोले या वाटेने फोंड्यास पोहोचणारी, पूर्वी ४-अ म्हणून ओळखली जाणारी व आता ७४८ क्रमांकाची, ती तिसरी. पणजीस जाणाऱ्याला चोर्ला सर्वांत जवळचा. मडगाव व फोंड्याकडे जाणाऱ्या अवजड मालाला अनमोड सोयीचा. चौथा फाटा धारवाडचा: हुबळी-धारवाडकडून येणारी वाहने अळणावर व रामनगरवरून थेट अनमोडची वाट धरतात आणि बेळगावास उत्तरेकडे सोडून देतात.

चंदगडाकडून दोडामार्गास उतरणारा तिलारी घाट नकाशावर मोठा मोहक दिसतो, कारण तेथे रेघ आखूड आहे. परंतु उतार तीव्र आणि वळणे अशी अडचणीची, की मोठ्या वाहनाने त्याच्या नादी लागू नये. नकाशा अंतर सांगतो, चढ सांगत नाही.

अंतर, वेळ आणि खात्री

मार्ग निवडताना बहुतेक जण किलोमीटर मोजतात, काही जण तास मोजतात, आणि जो वर्षातून पन्नास वेळा त्या वाटेने जातो तो मालवाहू गाडीचा चालक तिसरीच गोष्ट मोजतो: खात्री. समजा, शहरातून जाणाऱ्या वाटेस एरव्ही अर्धा तास लागतो, पण बाजाराच्या दिवशी वा मिरवणुकीच्या संध्याकाळी सव्वा तास. आणि बाहेरच्या वळशास बारा महिने तेराही काळ पन्नास मिनिटे. सरासरीचा विचार केला तर शहराची वाट बरी ठरेल. परंतु ज्याला ठराविक वेळी विमान गाठावयाचे आहे, ज्याच्या गाडीत दूध वा भाजी आहे, अथवा ज्याच्या गाडीत आजारी माणूस आहे, त्याच्या दृष्टीने पन्नास मिनिटांची हमी हीच श्रेयस्कर होय. उत्तम मार्ग एक नसतो. प्रयोजन बदलले की तोही बदलतो.

आणि ही खात्री ऋतूनुसार फिरते. कार्तिक-मार्गशीर्षात उसाचा हंगाम भरात आला, की संकेश्वर व निपाणी परिसरातील कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर संथपणे चालू लागतात, आणि गडहिंग्लजच्या ज्या वाटेवर उन्हाळ्यात गाडी पळते तीच वाट त्या दिवसांत रात्रीच्या प्रवासास धोक्याची होते. मार्गशीर्षातच सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या कोल्हापूरकडील भाविकांच्या गाड्यांचा ओघ महामार्गावर असतो. त्याच सुमारास, डिसेंबरात, हलगा-बस्तवाडजवळच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते. ही इमारत २०१२ मध्ये महामार्गाच्या अगदी कडेला उभी राहिली असल्याने मंत्र्यांच्या गाड्या, निदर्शने आणि बंदोबस्त यांची गाठ थेट महामार्गाशी पडते. सरहद्दीचा वाद पेटला तर दोन राज्यांमधील बसगाड्या थांबतात, हे २०२२ च्या डिसेंबरात सर्वांनी अनुभवले.

पावसाळ्याची तर बातच निराळी. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पुराचे पाणी महामार्गावर आले, कोल्हापूरजवळ शिरोलीत पंचगंगेचे आणि निपाणीच्या अलीकडे यमगर्णीत वेदगंगेचे. तेव्हा कोणता फाटा उत्तम हा प्रश्नच गैरलागू ठरला, कारण फाट्यापर्यंत पोहोचणेच अशक्य झाले. घाटांत दरडी कोसळतात, धुके दाटते, कडेची माती खचते. म्हणून या भागातील शहाणा प्रवासी निघण्यापूर्वी एका घाटाची चौकशी करीत नाही, दोन घाटांची करतो.

हल्ली ही चौकशी हातातील फोन करतो, आणि तेथे एक नवीच गंमत उद्भवते. इंग्रज अभ्यासक वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्ये असे मांडले, की प्रत्येक प्रवासी स्वतःपुरता वेळ वाचवू लागला, की वापरात असलेल्या सर्व वाटांचा वेळ शेवटी सारखाच होतो. वाट बदलून कोणाचाच लाभ होईनासा होतो. जर्मन गणिती ब्रेस यांनी १९६८ मध्ये त्याहून चमत्कारिक गोष्ट सिद्ध केली: रस्त्यांच्या जाळ्यात एखादा नवा दुवा जोडल्याने, सर्व जण आपापल्या हिताने वागत असूनही, सर्वांचाच प्रवास लांबू शकतो. गणिताची परिभाषा बाजूस ठेवली, तर ही गोष्ट कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. स्वयंपाकघराला दुसरे दार पाडले म्हणून पंगत लवकर उठतेच असे नाही, कधी दोन्ही दारांतून माणसे आत येऊन चुलीशी अडतात. फोनने दाखविलेली आडवाट शंभर जणांस एकाच वेळी दाखविलेली असते, आणि ज्या खेड्याच्या गल्लीतून ती जाते तेथील शाळकरी पोरांना रस्ता ओलांडणे कठीण होऊन बसते.

वळशाचे वार्धक्य

वळणरस्त्याविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती ही की तो म्हातारा होतो. बेळगावात पीबी रोड गर्दीने अडला, म्हणून महामार्ग बाहेरून नेला; आज त्या महामार्गाच्या दोन्ही अंगांस वस्ती आली आहे आणि ‘बाहेर’ हा शब्द नावापुरता उरला आहे. पुण्यात कात्रज-देहूरोड बाह्यवळणाचे हेच झाले; शहर टाळण्यासाठी बांधलेला तो रस्ता वारजे, बाणेर, हिंजवडी या भागांचा रोजचा रस्ता बनला, आणि पुणे टाळू पाहणारा मुंबई-बंगळूरचा प्रवासी नवले पुलाशी पुण्यातच अडकू लागला. लंडनभोवतीचा १९८६ मध्ये पुरा झालेला वर्तुळमार्गही पुढे पुनःपुन्हा रुंद करावा लागला. रस्ता गर्दी हलवितो हे खरे, पण तो गर्दीला आमंत्रणही देतो. त्याच्या कडेने जमिनीचे भाव चढतात, गाळे निघतात, मंगल कार्यालये उभी राहतात, आणि काही वर्षांनी त्या वळशालाच वळसा घालण्याची तजवीज सुरू होते.

बेळगावात ती तजवीज दोन रूपांनी चालू आहे. पहिले रूप हलगा ते मच्छे हा सुमारे साडेनऊ किलोमीटरांचा बायपास, जो महामार्गावरील वाहनांना शहरात न शिरता खानापूर रस्त्यास नेऊन सोडील. दुसरे, शहराभोवतीच्या अनेक खेड्यांच्या जमिनींतून जाणारा रिंगरोड. नकाशा पाहिला तर दोन्ही कल्पना निर्दोष वाटतात. शहराची अडचणही खोटी नाही. १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि त्यावरून ज्या रस्त्यास काँग्रेस रोड हे नाव मिळाले, त्याच्यावर गोव्याकडे जाणारी अवजड वाहने, शाळांची मुले आणि रुग्णवाहिका एकाच वेळी याव्यात, हे कोणत्याही नगररचनेस शोभणारे नाही.

शिवार आणि उतारा

पण हलगा-मच्छे बायपासची रेघ ज्या शिवारातून जाते, ते शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या भागाचे शिवार आहे, आणि बेळगावच्या सुवासिक बासमती तांदळाचा लौकिक या काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीवर उभा आहे. भात निघाले की त्याच ओलीवर येथील शेतकरी मसूर, वाटाणा, भाजीपाला घेतो. दोन पिकांची ही जमीन विकून आलेल्या पैशात तशीच दुसरी मिळत नाही. शिवाय बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात या शेतांत पसरते. रस्त्याचा भराव आडवा पडला तर ते पाणी कोंडून पीक कुजेल, ही शेतकऱ्यांची भीती हट्टाची नव्हे, अनुभवाची आहे. म्हणून दशकाहून अधिक काळ हे प्रकरण मोजणी, नोटिसा, मोर्चे, न्यायालयाची स्थगिती आणि पोलीस बंदोबस्त यांच्या फेऱ्यात फिरत राहिले, आणि रिंगरोडच्या नोटिसा निघाल्यावर तोच विरोध महाराष्ट्र एकीकरण समितीच्या पुढाकाराने गावोगाव पसरला. सीमाभागात १९५६ पासून सरकारी कागद आपल्या भाषेत मिळत नाही असे गाऱ्हाणे असणाऱ्या माणसाला, त्याच कागदाने आपल्या जमिनीचा उतारा बदलला जातो, तेव्हा दुखणे दुहेरी होते.

येथे निपाणीची एक आठवण अपरिहार्यपणे जागी होते. १९८१ च्या मार्च-एप्रिलात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मिळावा म्हणून हजारो शेतकऱ्यांनी याच पुणे-बंगळूर महामार्गावर तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडले. अखेरीस गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. निपाणीच्या शेतकऱ्याने झालेला रस्ता अडविला, बेळगावचा शेतकरी व्हावयाचा रस्ता अडवितो आहे. कारणे भिन्न आहेत. पण रस्त्यावरून जे जाते त्यात आपला वाटा किती, हा दोघांचाही सवाल एकच आहे.

मग उत्तम मार्ग कोणता? अभियंत्याचे उत्तर रिंगरोड हे असू शकेल. माझ्या अल्पमतीस असे वाटते, की शहराची गर्दी शहराच्या वेशीवर फोडण्याआधी ती फाट्याफाट्यावर फोडावी. निपाणी, संकेश्वर व धारवाड येथूनच गोव्याची वाहने वेगळी होतील अशा रीतीने ते मार्ग दुरुस्त व सुरक्षित ठेवावेत, कोणता घाट आज खुला व कोणता बंद हे फाट्याच्या अलीकडे ठळक फलकावर लिहावे, आणि हे सर्व करूनही जी गर्दी उरेल तेवढ्यापुरतीच नव्या जमिनीवर रेघ ओढावी. यात फुकट असे काही नाही. पण क्रम महत्त्वाचा आहे.

कारण वळसा दोन प्रकारचा असतो. निपाणीहून आजऱ्याची वाट धरणारा प्रवासी आपला अर्धा तास व आपले इंधन खर्चून शहराला टाळतो. बायपासवरून जाणारा तोच अर्धा तास वाचवितो, परंतु तो वडगावच्या कोणाच्या तरी उताऱ्यावर खर्ची पडलेला असतो. दोन्ही वळसेच, हिशेबाची पाने मात्र निराळी. द्राविडी प्राणायाम करण्यास हरकत नाही. तो आपल्या नाकाने करावा, इतकेच.